तळघरातलं पिंप

पाणी आपणहून वर चढत नाही, हे सिरिल माचकोला का कुणी शिकवायला हवं होतं? अख्खी हयात त्याची पोलादाच्या कारखान्यात वाफेच्या नळांबरोबर गेली. कुठला नळ कुठून येतो, कुठे वळतो, कुठे गळतो, सगळं डोळे मिटून सांगायचा पठ्ठ्या. आणि ह्याच माणसाच्या घरी तळघरातल्या सिंकचं पाणी त्याची बायको पस्तीस वर्षं बादलीनं उपसत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

घर टेकडीच्या उतारावर, रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं. गटार रस्त्याखाली, म्हणजे वर. आणि तळघर खाली. त्यामुळे घराचा सांडपाण्याचा नळ तळघराच्या भिंतीतून छातीइतक्या उंचीवर बाहेर पडायचा. वरच्या स्वयंपाकघराचं आणि न्हाणीघराचं पाणी त्यात सुखानं उतरायचं. तळघरातलं सिमेंटचं सिंक मात्र त्या नळाच्याही खाली. त्याचं पाणी जाणार कुठे? घर घेतलं त्या वर्षी, एकोणपन्नास साली, सिरिलनं जमीन फोडून त्यात एक लाकडी पिंप पुरलं, सिंकची नळी त्यात सोडली, भिंतीतल्या नळाला वरून भोक पाडलं आणि त्यावर पत्र्याचं नरसाळं बसवलं. पिंप भरलं की बादलीनं उपसायचं, छातीपर्यंत उचलायचं, नरसाळ्यात ओतायचं. नंतर नरसाळ्यात चिंधीचा बोळा कोंबायचा, नाहीतर गटाराचा वास घरभर.

"तात्पुरतं आहे," तो मार्गिताला म्हणाला होता. "उन्हाळ्यात पंप बसवतो."

कुठल्या उन्हाळ्यात, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. तिचा स्वभावच तसा.

आणि ते सिंक काही अडगळीतलं नव्हतं हो, घरातली सगळ्यात राबती जागा ती. कारखान्यातून आलेल्या माणसानं पुढच्या दारानं घरात शिरायचं नाही, असा त्या गल्लीचा कायदाच होता. मागून तळघराच्या दारानं यायचं, कपडे तिथेच उतरवायचे, सिंकवर अंग धुवायचं आणि माणसात येऊन मग वर जेवायला जायचं. पुढचं दार पाद्रीबुवांसाठी, पाहुण्यांसाठी आणि शवपेटीसाठी. कुणाच्या बायकोचे पडदे किती पांढरे, यावर रविवारी चर्चबाहेर चर्चा झडायच्या, आणि मार्गिताचे पडदे सगळ्यांत पांढरे होते. सिरिल तळघरात शिरला की वरून आरोळी यायची, "आधी हात धू, मग वर ये!"

त्याचं काम वाफेच्या नळांना गुंडाळणी करायचं. पांढरं कापड भिजवायचं, नळाला लपेटायचं, वरून पांढरा चिखल थापायचा. जुनी गुंडाळणी फोडून काढायची ती वेगळीच. घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. अॅस्बेस्टॉस त्याचं नाव, पण नाव कोण घेतो? सगळे नुसतं 'पांढरं' म्हणायचे. मार्गिता ते कपडे आधी झटकायची, मग भिजत घालायची. पाणी दुधासारखं व्हायचं. त्याबद्दल सिरिलची सक्त ताकीद होती, कामातली अक्कल होती ना मोठी!

"गाळ नळात जाऊ द्यायचा नाही हं. तो चिखल नळात बसला की दगड होतो, मग देव आला तरी निघत नाही. पिंपात निवळू दे. वरचं वरचं पाणी काढ."

तिनं तसंच केलं. नळ एकदाही तुंबला नाही. त्याला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. आणि ह्या जानेवारीत मार्गिताला दम लागायला लागला. फुप्फुसाच्या अस्तरात पाणी झालं होतं. ते काढलं, तपासलं, आणि डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. मार्गिताला ते नीट उच्चारताही येईना. सिरिलला यायचं. जोझोच्या, पीटरच्या आणि त्या लंगड्या आयरिश फोरमनच्या मयतीला त्यानं ते ऐकलं होतं. तिघंही गुंडाळणीवाले. युनियननं सगळ्या गड्यांच्या छातीचे फोटो काढले होते; सिरिलच्या फोटोत नुसता एक डाग निघाला होता. बायकांचे फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय, मिसेस माचको?" डॉक्टरांनी विचारलं. "जहाजाच्या गोदीत? कापडाच्या गिरणीत?"

"मी? छे हो डॉक्टर. मी आयुष्यात कधी काम केलं नाही. मी घरीच होते."

सिरिल शेजारच्या खुर्चीत बसला होता. तोंड उघडायची वेळ तीच होती. त्यानं मांडीवरच्या टोपीची कड बघितली, उलटी करून पुन्हा बघितली, आणि गप्प बसला. भेकड मेला! त्या दिवसापासून स्वतःला तो हेच म्हणत होता.

त्याहून वाईट पुढेच होतं. मार्गितानं आजाराचं कारण आपलं आपणच शोधून काढलं होतं.

सतराव्या वर्षी ती स्लोव्हाकियातलं गाव सोडून अमेरिकेला निघाली, तेव्हा आईनं तिची बाही धरून ठेवली होती. आईला दमा होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मार्गितानं बाही सोडवून घेतली. "जा," आई म्हणाली होती. "एक दिवस तुलाही श्वास पुरायचा नाही, तेव्हा माझी आठवण येईल." तिसऱ्या वर्षी आई गेली. भरतकाम केलेला एक रुमाल तेवढा मार्गिताजवळ राहिला, ईस्टरच्या टोपलीवर घालायचा. दर ईस्टरला शनिवारी टोपलीत पाव, अंडी, हॅम, लोणी घालायचं, वर तो रुमाल झाकायचा आणि पाद्रीबुवांकडून आशीर्वाद घ्यायचा. पंचेचाळीस वर्षांत एकदा चुकलं नाही.

"या वर्षी टोपली नको," लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली.

"का गं?"

"आईचा तळतळाट लागलाय मला. कुठल्या तोंडानं आशीर्वाद मागू?"

"अगं, काहीतरीच काय! आईबाप का असले..."

"तू नव्हतास तिथे. मी होते." एवढं बोलून तिला थांबावं लागलं, श्वास गोळा करायला. "माझ्या कर्माची फळं आहेत ही, सिरिल. मी भोगीन."

पाद्रीबुवांनी समजावून झालं, शेजारणींनी समजावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. रात्री उशांना टेकून बसायची आणि आईशी भांडायची, माफी मागायची, पुन्हा भांडायची. सिरिल शेजारी पडून ऐकायचा. त्याच्या एका वाक्यानं तिची सुटका झाली असती, आणि तेच त्याच्या घशाखालून वर येत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा संसार. डॉक्टरांनी चार महिने दिले होते. ते हिनं आपला द्वेष करण्यात घालवावेत? आपल्याकडे पाठ फिरवून मरावं? ह्या भीतीनं माणूस पार खंगला.

आणि मग त्यानं काय केलं? तर पंप आणला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ईस्टरच्या आधीच्या सोमवारी दुकानात जाऊन सिंकखाली ठेवायची बंद पेटी आणि तिच्यातला पंप घेऊन आला.

"हे काय?" मार्गितानं वरून खिडकीतून विचारलं.

"सिंकचा पंप."

"आत्ता?" ती हसली, हसता हसता खोकली. "बैल गेला नि झोपा केला, म्हाताऱ्या." मग म्हणाली, "गुरुवारपर्यंत होईल का रे? तो रुमाल धुवायचाय. टोपली नको, पण रुमाल मळका ठेवून नाही जाणार मी. माझ्या हातानं धुवीन, खाली."

"होईल," सिरिल म्हणाला.

मंगळवारी त्यानं नरसाळं काढलं. त्याची पुढची कड बादली टेकून टेकून झिजली होती, चांदीसारखी चकचकीत झाली होती. जिथे बादली टेकायची तिथे पत्र्याला चक्क खळगा पडला होता. सिरिल ते हातात घेऊन पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात फोन आला म्हणून वर जावं लागलं. क्लीव्हलंडहून मुलीचा फोन, बर्नीचा. वय अडतीस, तिचीच मुलं आता तरणी झाली.

"बाबा, आई म्हणते तुम्ही ते पिंप काढताय! अहो, माझं अर्धं लहानपण गेलं त्या पिंपाशी. आठवतं? मी बर्फ पाडायची ते?"

आठवत नव्हतं थोडंच? भिंतीतल्या खिळ्याला त्याचा कोट टांगलेला, चार वर्षांची बर्नी उलट्या बादलीवर उभी, हातात सतरंजी झोडायचं वेताचं झोडपणं. "पाड बर्फ!" म्हणून सिरिल हाक द्यायचा, आणि पोरगी दोन्ही हातांनी कोट बडवायची. खिडकीतून आलेल्या उन्हात सगळं पांढरं भुरभुरत खाली यायचं आणि ती जीभ बाहेर काढून गोलगोल फिरायची. आठवून सिरिलला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"गुरुवारी दुपारी पोचते मी," बर्नी म्हणाली. "अक्रोडाचा रोल करून आणतेय. आईला सांगा, तिच्याइतका चांगला नाही झालाय."

बुधवारी त्यानं पिंप उपसलं. पाणी काढून झालं तर तळाशी काहीतरी घट्ट, राखाडी. फावड्यानं खरवडलं तर निघेना. हातात हातमोजा नव्हता, बोटांनीच एक ढेकूळ उपटलं आणि चिमटीत चोळलं. माती असती तर विरघळली असती. हे विरघळेना. चोळलं तसे त्यातून बारीक तंतू निघाले, भिजलेल्या लोकरीसारखे. तीस वर्षं ज्या वस्तूत हात घातला ती बोटांना ओळखू येणार नाही? दुसऱ्या कुठल्याही घरात हे पाणी थेट गटारात गेलं असतं, नदीला मिळालं असतं. ह्याच्या घरात ते बसून राहिलं होतं, ह्याच्याच हुकमानं.

पण एवढंच कसं? त्याच्या मनात हिशेब जुळेना. इतक्या वर्षांत पिंप काठोकाठ भरायला हवं होतं. तो जिन्याखाली आला.

"मार्गिता! पिंपातल्या गाळाचं तू काय करायचीस?"

"काढायची की. दरवर्षी, ईस्टरच्या साफसफाईला." वरून तिचा आवाज तुटक तुटक येत होता, पण त्यात अभिमान होता. "ओला फार जड लागायचा. म्हणून आठवडाभर धुणं बंद. वाळू द्यायचा. वाळला की खडूसारखा होतो. मग आत उतरायचं, खुरप्यानं खरवडायचं, डब्यात भरायचं, झाडून घ्यायचं. तुला कधी पत्ता तरी लागला का? एवढं पांढरं तळघर गल्लीत कुणाचं नव्हतं."

वाळू द्यायचा. आत उतरायचं. झाडून घ्यायचं. देवा, देवा! कारखान्यात निदान छताला पंखे होते.

कोपऱ्यात सिमेंटची गोणी होती, खड्डा बुजवायला आणलेली. दोन घमेली कालवून ओतली की पिंपही गेलं आणि तळाशी होतं तेही गेलं. जगात कुणाला कळणार नव्हतं. त्यानं गोणी फोडली. पाणी घातलं. फावडं हातात घेतलं.

"सिरिल," वरून हाक आली. "आईनं मला शेवटी माफ केलं असेल का रे?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. कालवलेलं सिमेंट रात्रीतून घमेल्यातच दगड झालं.

गुरुवारी सकाळी त्यानं पंप जोडला. पेटी सिंकखाली ठेवली, तिच्यातून नळी उभी चढवली, चढलेलं पाणी माघारी येऊ नये म्हणून मध्ये झडप बसवली, वास जायला वेगळी नळी बाहेर काढली, आणि जिथे नरसाळं होतं तिथे सांधा केला. काम सुरेख झालं. दीड दिवसाचं काम होतं सगळं, आणि त्यातला अर्धा दिवस नरसाळ्याकडे बघण्यात गेला होता.

दुपारी मार्गिता खाली आली. अकरा पायऱ्या, प्रत्येकीवर बसून. सिरिलनं खुर्ची ठेवली होती; ती बसली नाही. सिंकला टेकून उभी राहिली, कोमट पाण्यात साबण फेसला आणि आईचा रुमाल धुतला. लाल दोऱ्याची कोंबडी आणि कडेनं पानं. तीनदा खळबळला. मग बूच काढलं.

पाणी खाली गेलं. पेटीत क्षणभर शांतता. मग पंप गुरगुरला, भिंतीवरची नळी थरथरली, आणि सगळं पाणी सरसर वर चढून निघून गेलं. मिनिटभरही लागलं नाही.

मार्गिता रिकाम्या सिंककडे बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं हे?"

"मार्गिता, खाली बस."

त्याचा आवाज ऐकून ती बसली. त्यानं पिंपावरची फळी बाजूला केली. गाळाचं ओलं ढेकूळ उचलून तिच्यासमोर धरलं, आणि बोलायला लागला. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. जोझो, पीटर, फोरमन. आजाराचं नाव. डॉक्टरांचा प्रश्न. टोपीची कड. "तू काम केलंस," तो म्हणाला. "माझ्याइतकंच केलंस. मी ते रोज अंगावर घालून घरी आणलं आणि तुझ्या हातात दिलं. वर तुला सांगितलं की ते जपून ठेव. आईचा तळतळाट नाही गं हा. मी आहे. जानेवारीपासून मला ठाऊक आहे, आणि मी बोललो नाही."

तो रडत होता. हातातला गाळ मनगटावरून ओघळत होता.

"आई नाही," मार्गिता म्हणाली.

"नाही."

"आईनं नाही केलं."

"नाही, नाही."

तिनं डोळे मिटले. ओला रुमाल छातीशी धरला. तिचे खांदे खाली आले, कुणी डोक्यावरून ओझं उतरवून घेतल्यासारखे. सिरिल तिच्या तोंडाकडे बघत होता. आता ती काय म्हणते, शिव्या देते की माफ करते, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. सेहेचाळीस वर्षांत ह्या माणसाला दुसऱ्या कुणाचा विचार आधी सुचला असता तर ही वेळच आली नसती.

मार्गितानं डोळे उघडले. नजर भिंतीवर गेली. खिळा तिथेच होता. खिळ्याला ते वेताचं झोडपणं अजून टांगलेलं होतं.

"सिरिल," ती म्हणाली. "आणि बर्नी?"

"बर्नीचं काय?"

"बर्फ," मार्गिता म्हणाली.

त्याला कळलं. कळलं तसा तो पिंपाच्या कडेला खाली बसला. परवा हसला होता तो! फोन कानाला लावून हसला होता!

बाहेर गाडी थांबली. दार वाजलं, अंगणातून पावलं आली. पुढच्या दारानं नव्हे. घरचं माणूस घरच्या दारानं येतं. तळघराच्या दाराची कडी हलली.

"बर्नी!" मार्गिता ओरडली. जानेवारीपासून तिच्या छातीतून असा आवाज निघाला नव्हता. "थांब तिथेच! आत पाऊल टाकू नकोस!"

"काय झालं? पडलीस का, आई?"

"आत येऊ नकोस म्हणते ना! पुढच्या दारानं ये."

"पुढच्या दारानं?" दाराबाहेर बर्नी हसली. "मी काय पाहुणी आहे? हातात रोल आहे माझ्या, दार उघड."

"पुढून ये, बाळा. माझं ऐक."

पावलं क्षणभर घुटमळली. मग घराला वळसा घालून वर गेली. मार्गिताचा श्वास पार सुटला होता. दोन्ही हातांनी खुर्ची धरून तिनं एकेक शब्द बाहेर काढला.

"माझं काय ते मी देवाशी बघीन, आणि तुझ्याशीही. नंतर. आधी वर जा. तिला सगळं सांग. सोमवारी तिला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि तिथे टोपी बघत बसू नकोस. तिच्यावर 'मी घरीच होते' म्हणायची पाळी आणू नकोस."

सिरिल उठला. जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात मागून ती म्हणाली,

"आधी हात धू."

तो परत फिरला. नळ सोडला, साबण घेतला, बोटं, नखं, मनगटं घासली. राखाडी पाणी सिंकमधून खाली उतरलं, पंप गुरगुरला आणि ते वर घेऊन गेला. वर पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. सिरिलनं हात पुसले आणि पायऱ्या चढायला लागला.